वर्षाराणीचा उजवा हात

पहिली थप्पड श्रुतीनं स्वतः मागून घेतली होती. हे वर्षाराणी पुढं पुष्कळदा मनाशी घोकत राहिली, आणि ते खोटंही नव्हतं.

एम. ए.च्या पहिल्या सत्राचा पहिला पेपर होता. विषय मानसशास्त्र. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत आक्कांच्या घरावर एक पत्र्याची खोली होती, तिला बाहेरून लोखंडी जिना होता, आणि त्या खोलीत या दोघी भाड्यानं राहत. वर्षाराणी आवरून दारात चपला शोधत होती. मागं बघते तर श्रुती भिंतीला पाठ लावून खाली बसलेली. बोटं वाकडी झालेली, ओठ पांढरे. फाटक्या भात्यासारखा श्वास नुसता वाजत होता, आत काही जात नव्हतं.

"काय झालं गं?"

"काय आठवंना. सगळं पुसलं गेलं. तू जा. मी न्हाई येत."

वर्षाराणीनं हे पूर्वी पाहिलं होतं. कुस्तीचा पुकारा झाला की चांगल्या चांगल्या पोरींचे पाय असेच लोण्याचे व्हायचे.

"आमच्या तालमीत याला औषध हाय," ती म्हणाली. "वस्ताद कानाखाली वाजवत्यात. भीती कानातनं भाईर पडती."

"मग वाजव की! बघत काय बसलीयास?"

वर्षाराणीनं वाजवली. पंजा उघडा, मनगट सैल, जोर खांद्यातून. श्रुतीचं डोकं भिंतीवर आदळलं, चष्मा उडून शेगडीखाली गेला. गालावर बोटं उमटली, आधी पांढरी, मग तांबडी. वर पत्र्यावर एक कावळा चालत होता, तेवढाच आवाज. मग विहिरीतून डोकं वर काढावं तसा श्रुतीनं श्वास घेतला, आणि ती हसायलाच लागली.

"आयला," ती म्हणाली. "आठवलं की गं सगळं."

संध्याकाळी वर्षाराणीनं भिजवलेले बदाम सोलले आणि स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातले. तालमीची रीत तशीच होती. ज्या हातानं मारलं त्याच हातानं खाऊ घालायचं. निकाल लागला तेव्हा त्या पेपरात श्रुती वर्गात पहिली आली होती. मग पुढच्या प्रत्येक परीक्षेला, चाचणीला, तोंडी परीक्षेला थप्पड हा तयारीचाच भाग झाला. पेन, ओळखपत्र, पाण्याची बाटली, थप्पड.

मार म्हणजे काय हे वर्षाराणीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नेसरीतल्या त्यांच्या घरात गणपतीचा, म्हणजे तिच्या बापाचा, हात गारांसारखा पडायचा. केव्हा, कुणावर, कशासाठी, याला काही धरबंध नव्हता. बैलावर पडायचा, आईवर पडायचा, वैरण आणायला उशीर झाला म्हणून पडायचा आणि लवकर आणली म्हणूनही पडायचा. धाकटी भावंडं आवाज ऐकून कणगीमागं लपत. वर्षाराणी लपली नाही. ती उभी राहायची आणि बापाच्या डोळ्यांत बघायची, आणि त्यामुळं जास्त खायची. शाळेत संग्राम नावाच्या एका पोरानं तिच्या आईच्या सुजलेल्या तोंडाची नक्कल केली तेव्हा तिनं रस्त्यावरचा दगड उचलला आणि तो फेकला नाही, हातात धरूनच मारला. पोराची टाळू उघडली. त्याची माणसं काठ्या घेऊन दारात आली. तेव्हा तिची आई, सरुबाई, आपल्या भावाला म्हणाली, "दादा, हिला कुठंतरी घाल बाबा. न्हाईतर ही एक दिस कुणाचं तरी मढं पाडंल."

मामानं तिला कोल्हापूरला आणून बाळासो वस्तादांच्या तालमीत घातलं. तिथं पोरींची वेगळी तुकडी होती.

तालमीतही मार होता, आणि घरच्यापेक्षा थोडा नव्हता. जोर काढताना कंबर खाली गेली की वेताची छडी. जोडीदारणीच्या डोळ्यांत माती गेली म्हणून पकड सोडली की छडी. कुस्ती हरून आली की सगळ्यांसमोर कानाखाली. पण त्या माराला वेळ होती, जागा होती, कारण होतं. मारून झाल्यावर वस्ताद स्वतः थंडाईचा तांब्या तोंडाला लावत. "पी. परत चूक करू नको." एवढंच. माराला असं शिस्तीत रांगेनं येताना वर्षाराणी पहिल्यांदाच बघत होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिला गाढ झोप लागली. जन्मात लागली नव्हती तशी.

ती चांगली लढायची. चांगली म्हणजे क्रूर. समोरचीच्या मानेवर घिस्सा मारताना मनगटाचं हाड नेमकं नाकाच्या शेंड्यावरून घासत न्यायचं आणि पंचांना ते डावासारखंच दिसेल असं न्यायचं, हे तिला कुणी न शिकवता आलं. मग कागलच्या एका पोरीनं तिचे दोन्ही हात काखेत कोंडून हप्ते नावाचा डाव भरला. सुटका नव्हती. पाठ टेकली असती तर कुस्ती गेली असती, खांदा वाचला असता. वर्षाराणीनं पाठ टेकली नाही. खांदा निखळला तेव्हा ओल्या फांदीसारखा आवाज झाला आणि बघणाऱ्यांतली एक बाई ओकली. वर्षाराणी तशीच उठली, लोंबत्या हातानं उभी राहिली आणि पंचाला म्हणाली, "चालू द्या की."

डॉक्टरांनी हाड बसवलं आणि कुस्ती बंद केली. उजवा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता. केस विंचरायला, दोरीवर कपडे टाकायला त्रास व्हायचा. थप्पडीला मात्र तेवढी उंची लागत नाही.

मानसशास्त्राला ती आली, कारण यात गणित नसतं असं कुणीतरी सांगितलं होतं. ते खोटं निघालं. संख्याशास्त्राचा आख्खा पेपर होता, आणि तो श्रुती नसती तर तिच्यानं सुटला नसता. श्रुती गगनबावड्याची. आई तिथल्या दवाखान्यात नर्स, वडील ती लहान असतानाच वारलेले. अंगानं बारीक, आवाज बारीक, पण एखादी गोष्ट समजावून सांगायला लागली की डोंगरातून वाट काढत नेल्यासारखी नेणार. वर्षाराणीला कळेपर्यंत ती थकत नसे. पण स्वतःच्या बाबतीत तिच्या मनाला माफी ठाऊक नव्हती. एक शब्द खोडावा लागला तर ती पूर्ण पान फाडायची आणि पुन्हा लिहायची. अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले तर बावीस कुठं गेले म्हणून जेवायची नाही.

"बावीस तुझ्या आक्कानं खाल्ले," वर्षाराणी म्हणायची. "गिळ आता."

वर्गात प्रियदर्शनी मॅडम स्वभाव शिकवत होत्या. अभ्यासात कोण सुखानं टिकतं आणि कोण आतून खचतं, हे नुसत्या बुद्धीवर ठरत नाही, असं त्या सांगत होत्या. काहीजण मुळात बेदरकार असतात, काहीजणांच्या मनाची कातडी पातळ असते. परीक्षा एकच, पण एकाला ती चढण वाटते आणि दुसऱ्याला कडा.

"मॅडम," वर्षाराणी मागच्या बाकावरून म्हणाली, "पातळ कातडी घट्ट करता येती की. आमच्यात तांबड्या मातीत घोळून घोळून करत्यात."

पोरं हसली. मॅडमही हसल्या. "घट्टा पडला की तिथं काही कळेनासं होतं, वर्षाराणी. तेच हवंय का?"

"व्हय की. तेच तर पायजे."

सगळा वर्ग खिदळला. श्रुतीही. तिचा हात त्या वेळी स्वतःच्या डाव्या गालावर होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या सत्रात थप्पडीला परीक्षेची वाट बघावी लागेनाशी झाली. वाचताना डुलकी आली तर एक. पान फाडलं तर एक. "मला जमणार नाही" असं तोंडातून निघालं तर एक. श्रुती पहिल्यासारखी हसत नव्हती, पण नकोही म्हणत नव्हती. खाली म्हशीची धार काढता काढता आक्का ओरडायच्या, "वर काय भाकऱ्या थापताय व्हय गं?"

"व्हय आक्का. ज्वारीच्या."

"मग वास कसा येत न्हाई?"

वर्षाराणी हसायची. श्रुती पुस्तकात बघायची. तिचा अभ्यास आता वेगळ्याच जागी अडकत होता. ती ओळ वाचायची आणि डोळ्यांच्या कडेनं वर्षाराणीचा हात कुठं आहे ते बघायची. मग तीच ओळ पुन्हा. हात चहाच्या कपाकडं गेला तरी तिची मान आत जायची. वर्षाराणीला हे दिसत होतं. तिला ते कच्चेपण वाटलं. तालमीत पोरगी कच्ची निघाली की वस्ताद जोर वाढवत, तिनंही वाढवला.

एका दुपारी मोबाईलवर बातमी आली की कागलच्या त्या पोरीनं राष्ट्रीय स्पर्धेत पदक घेतलं. फोटोत ती तिरंगा पांघरून हसत होती. वर्षाराणी बराच वेळ फोटो बघत राहिली. खांद्यात आतून कुणीतरी सुरी फिरवत होतं. श्रुती तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "चहा ठेवू का गं?"

वर्षाराणीनं तिला मारलं. एकदा नाही. श्रुती मोरीच्या कठड्यावर पडली, तिच्या कानातली रिंग तुटून कानाच्या पाळीतून रक्त आलं आणि मानेवरून कुर्त्यात उतरलं. ती ओरडली नाही. उठली, कान धुतला, ओढणीचा बोळा धरला आणि पुस्तक उघडून बसली.

त्या दिवशी वर्षाराणीनं बदाम सोलले नाहीत. सुचलंच नाही तिला. रात्री आठवलं, तेव्हा ती उद्या देऊ म्हणून कुशीवर वळली.

दुसऱ्या सत्राची परीक्षा आली. पहिल्या पेपराला श्रुती भिंतीशी बसली नाही. दारात उभी राहून तिनं आपणहून गाल पुढं केला, डोळे मिटले, जसं देवळात कपाळ पुढं करतात. वर्षाराणीनं मारलं. श्रुतीनं पिशवी उचलली आणि जिना उतरली. वाटेत ती एवढंच म्हणाली, "या कानात शिट्टी वाजत्याय."

"थांबंल. लिहायला लागलीस की थांबंल."

परीक्षेच्या दालनात श्रुती मधल्या रांगेत होती, वर्षाराणी तिच्या मागं थोड्या अंतरावर. सुरुवातीला श्रुतीची पाठ हलत होती, म्हणजे ती लिहीत होती. तासाभरानं तिनं पुरवणी मागायला हात वर केला. पर्यवेक्षक, एक पिकल्या मिशांचे गृहस्थ, मागच्या बाजूनं आले आणि पुरवणी द्यायला त्यांनी तिच्या खांद्यावरून हात पुढं केला.

श्रुती बाकाखाली गेली. दोन्ही कोपरं कानांवर, गुडघे छातीशी, मान पार आत. बाटली सांडली. तोंडातून एक आवाज निघाला, कुत्र्याच्या पिल्लाला गाडीचं चाक लागतं तेव्हाचा.

"अगं पोरी," पर्यवेक्षक घाबरून मागं सरले. "पुरवणी द्यायला आलो न्हवं का मी!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. वर्षाराणी हसली नाही. तिनं ते आसन ओळखलं होतं. कोपरं अशीच, मान अशीच. नेसरीच्या घरात चुलीजवळ सरुबाई अशीच बसायची, बापाचा हात वर गेला की. कुणी शिकवलं नव्हतं तिला. अंगानं अंगाला शिकवलं होतं. आणि वर्षाराणीनं आयुष्यभर एकच ठरवलं होतं की आपण तसं बसायचं नाही. कुणी दुसरं आपल्यामुळं तसं बसेल, हा हिशोब तिनं कधी मांडलाच नव्हता.

श्रुती उठली. ओल्या उत्तरपत्रिकेकडं तिनं बघितलं, ती बाकावरच ठेवली आणि बाहेर निघून गेली. वर्षाराणी तिच्यामागं लगेच गेली नाही. तिनं पेपर संपवला. हातात घेतलेलं काम अर्धं टाकून उठायचं नाही, ही तालमीचीच सवय.

ती खोलीवर आली तेव्हा श्रुती बॅग भरत होती.

"कुठं निघालीस?"

"गगनबावड्याला. आईकडं."

"सोमवारी पेपर हाय."

"मी न्हाई देत. एकबी न्हाई."

"वर्ष जाईल, श्रुती."

"जाऊ दे. मला अक्षरं दिसंनात. मला फक्त हात दिसतो."

वर्षाराणीनं दाराची कडी लावली. तिच्या मनात काय होतं ते तिला त्या वेळी अगदी स्वच्छ वाटत होतं. तालमीत दोन पोरींत काही साठलं की वस्ताद दोघींना मातीत सोडत. घेतलेलं फेडायचं, घाव परत करायचा, मग मिठी मारून एका ताटात जेवायचं. त्यानंतर कुणी कुणाचं काही देणं लागत नसे. तिला दुसरी माफी ठाऊकच नव्हती.

ती श्रुतीपुढं जाऊन उभी राहिली आणि गाल पुढं केला. "मार."

"काय?"

"मी मारलंय तेवढं मार. जास्त मार. बरोबरी कर. मग सोमवारी आपुन जोडीनं जाऊ."

"मला न्हाई मारायचं."

"मार म्हणतो न्हवं!"

तिचा आवाज चढला तशी श्रुती भिंतीला लागली. आणि तिथंच, भिंतीला लागलेली असताना, ती बोलली. आवाज बारीकच होता, पण तुटत नव्हता.

"माझा आजा, केरबा, शाळेच्या भाईर उंबऱ्यापाशी बसून शिकला. आत पाय टाकला म्हणून गावातल्या पोरांनी त्याला बडवला. त्याचं एक बोट मरंपर्यंत वाकडं हुतं. आमच्या घरात पुस्तकावरनं कुणी पोराला बोट लावत न्हाई, वर्षाराणी. आई लावत न्हाई. मामा लावत न्हाई. आजानं शाळंत जायला मार खाल्ला, आणि मी विद्यापीठात बसून, मागून मागून मार खातोय. आईला काय सांगू मी?"

वर्षाराणी म्हणाली, "मी कवा तुझी जात बघिटली गं? एका ताटात जेवलोय आपुन."

"तुला बघावी लागत न्हाई. तुझा हात आपोआप उठतो. माझी मान आपोआप वाकती."

हे वाक्य वर्षाराणीला हप्त्यांसारखं लागलं. दोन्ही हात काखेत कोंडले गेले आणि सुटायला जागा नाही. अशा वेळी काय करायचं याचं तिच्या शरीराकडं एकच उत्तर होतं. तिनं श्रुतीचं मनगट पकडलं आणि श्रुतीच्याच पंजानं स्वतःच्या तोंडात मारलं. पुन्हा मारलं. "असं. असं मार. हाय का न्हाई सोपं?" श्रुती हात ओढत होती, किंचाळत होती, सोड, सोड गं, पाया पडते. वर्षाराणीचा ओठ दातावर फुटला, दोघींच्या हातांवर रक्त आलं, मनगट निसरडं झालं आणि सुटलं.

श्रुतीनं कडी काढली. बॅग एका खांद्यावर, चपला नाहीत. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचली तोवर वर्षाराणी आडवी येत एक पायरी खाली उतरली आणि तिनं बॅगेचा पट्टा धरला.

"जाऊ नको. ऐक माझं."

श्रुती थांबली. तिनं डोळे घट्ट मिटले होते. दोन्ही तळवे तिनं वर्षाराणीच्या छातीवर ठेवले आणि सगळ्या जन्माचा जोर लावून ढकललं.

लोखंडी जिना उभा होता. वर्षाराणी पाठीवर गेली, मग कुशीवर, मग खाली शेणकुटांच्या ढिगाशेजारी फरशीवर उजव्या खांद्यावर. ओल्या फांदीचा आवाज तिच्या ओळखीचा होता. दाव्याला हिसडा देऊन म्हैस मागं सरकली. या वेळी वर्षाराणीला उठून उभं राहता आलं नाही. या वेळी ती ओरडली.

आक्का पिठाच्या हातांनी धावत आल्या. "आगं आगं आगं! काय केलंसा गं पोरींनो?"

"मी ढकललं," श्रुती वरून म्हणाली.

"माझा पाय घसरला," खालून वर्षाराणी म्हणाली.

"खोटं बोलायचं तर आधी ठरवून तरी बोला," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी गल्लीतल्या रिक्षावाल्याला हाक मारली. वर्षाराणीला उचलून नेताना तिनं मान वळवून बघितलं. श्रुती अनवाणी जिना उतरत होती. ती रिक्षाकडं आली नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडं, बसच्या रस्त्याकडं चालत गेली.

हाड पुन्हा बसवलं. हात गळ्यात बांधला. गोळ्यांच्या गुंगीत वर्षाराणी खोलीवर पडून राहिली. आक्का दोन्ही वेळचं ताट वर आणत, काही विचारत नसत. एकदाच म्हणाल्या, "भाकरीचा आवाज मला कळत न्हवता असं समजू नको. मीबी सासरी थापून घेतलाय." आणि ताट ठेवून गेल्या.

सोमवारी ती विद्यापीठात गेली. उजव्या हातात पेन धरता येणार नव्हतं. लेखनिक मागायला अर्ज करावा लागतो, तो तिनं केला नव्हता. तिला फक्त बघायचं होतं.

इमारतीसमोरच्या पायऱ्यांवर श्रुती बसली होती. शेजारी तिची आई. श्रुतीची बोटं वाकडी झाली होती, ओठ पांढरे. फाटका भाता वाजत होता. लांबून, खांबाआडून, वर्षाराणीला तो ऐकू येत नव्हता तरी येत होता. आई काही करत नव्हती. नुसती शेजारी बसली होती, हात स्वतःच्या मांडीवर ठेवून. श्रुती वाकली आणि पायरीच्या कडेला ओकली. आईनं पाण्याची बाटली पुढं केली. पुन्हा हात मांडीवर.

वर्षाराणीचं सगळं अंग पुढं निघालं होतं. काय करायला पाहिजे ते तिला ठाऊक होतं, आणि ही बाई ते करत नव्हती, आणि वेळ जात होता. तिचा डावा हात शाबूत होता. पंजा आपोआप उघडला, मनगट सैल झालं. तिनं तो व्हरांड्याच्या लोखंडी गजावर आपटला. नख मुळापासून उचकटलं. तिनं गज धरून ठेवला.

आईनं मान वर केली आणि खांबाकडं बघितलं. मग ती उठून आली. सावळी, ठेंगणी बाई, साडीला दवाखान्याचा वास.

"तू वर्षाराणी न्हवं?"

"व्हय."

बाईनं तिच्याकडं नीट बघितलं. फुटलेला ओठ बघितला, रक्त आलेलं बोट बघितलं. वर्षाराणी वाट बघत होती. तिला खात्री होती की आता पडणार, आणि तिला ते हवं होतं. तिनं मान सरळ केली.

बाईनं हात वर केला तो तिच्या गळ्यामागं नेला आणि झोळीची गाठ सोडली. "कुणी बांधलंय हे? कोपर लोंबतंय. हाड परत सरकंल." तिनं हात उचलून कोपर वर घेतलं, पट्टी ओढून घट्ट बांधली. वर्षाराणीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. बाईची बोटं हलकी होती आणि एकही जागा चुकत नव्हती.

"दुखलं?"

"न्हाई."

"दुखणार की," बाई म्हणाली. गाठ मारून झाल्यावर तिनं हात काढून घेतला. "ती मला म्हणाली, पेपर देते, पण ती असंल तर माझ्याजवळ येऊ देऊ नको. तर तू येऊ नको. आज न्हाई, उद्या न्हाई. तिचं सामान मी न्यायला येईन. कळलं?"

"व्हय."

"फिर्याद करणार न्हाई. ती नको म्हणाली. मी असते तर केली असती."

बाई परत गेली. घंटा झाली. मुलं आत शिरली. श्रुती पायरीवरच होती. मग ती उठली. तिचे पाय लोण्याचेच होते, भिंत धरून चालावं लागत होतं, श्वास अजून वाजत होता. भीती कुठूनही बाहेर पडली नव्हती. ती तशीच, भीतीसकट, आत गेली.

वर्षाराणी मागच्या दारानं आत गेली आणि आपल्या जागी बसली. मधे तेवढंच अंतर. श्रुतीनं मागं वळून बघितलं नाही. ती लिहायला लागली. एका जागी तिनं काहीतरी खोडलं आणि खाली पुढचं लिहिलं.

पर्यवेक्षक रांगेतून फिरत होते. ते श्रुतीच्या बाकाजवळून गेले तशी तिची मान खांद्यांत गेली, डावं कोपर कानाशी आलं. पेन थांबलं नाही. ते परत फिरले, मान पुन्हा गेली, पेन चालत राहिलं. सगळा वेळ तसंच चाललं होतं. वर्षाराणी दुसरं काही बघू शकत नव्हती.

घंटा झाली आणि उत्तरपत्रिका गोळा करायला पर्यवेक्षक वर्षाराणीपाशी आले. तिच्या पानावर फक्त बैठक क्रमांक होता, डाव्या हातानं काढलेला, पहिलीतल्या पोरानं गिरवल्यासारखा.